दहशतवादाचा जिना आणि आपली मुले

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागविण्यात आले, तेव्हा संस्थेचा पूर्वेतिहास, देणगीदारांचे ऋण, वसतिगृहाच्या आठवणी अशा विषयांवर अनेकांनी लिहिण्याचे कबूल केले. आम्ही मात्र हा विषय सुचविला आणि मंगल प्रसंगी असले अमंगल कशाला, असा प्रश्न काही सभासदांनी विचारला. त्यांचे म्हणणे अगदीच गैर होते असे नव्हे. परंतु ज्या संस्थेने पन्नास वर्षे परगावच्या मुलांना निवारा दिला, शिष्यवृत्त्या दिल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तिने तरुण मुलगा वाट का चुकतो हा प्रश्न परका मानून कसे चालेल? शिवाय आम्ही हैदराबादेत राहतो. येथे हा प्रश्न वर्तमानपत्रातला राहिलेला नाही. तो आमच्या रोजच्या रस्त्यावर येऊन गेला आहे.

२५ ऑगस्ट २००७ चा शनिवार आमच्यापैकी कोणीही विसरलेले नाही. त्या संध्याकाळी हुसेनसागराच्या काठच्या लुंबिनी उद्यानात आणि कोठीच्या गोकुळ चाट भांडारात काही मिनिटांच्या अंतराने बॉम्बस्फोट झाले आणि चाळीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. कोठी म्हणजे आमच्या मुलांची जुनी क्रमिक पुस्तके घेण्याची जागा. त्या गर्दीत आपले कोणी आहे काय, या काळजीने त्या रात्री किती घरांतून दूरध्वनी फिरत होते! लुंबिनी उद्यानात गेलेल्यांत संगमनेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे सात विद्यार्थी होते. अभ्यास-सहलीस म्हणून ती मुले आपल्या गावाहून येथे आली होती. पुढे २०१८ साली विशेष न्यायालयाने या प्रकरणी ज्या दोघांस फाशीची शिक्षा सुनावली, ते महाराष्ट्रात पकडले गेलेले तरुणच होते. म्हणजे मरणारे तरुण आणि न्यायालयाने दोषी ठरविले तेही तरुण. एका पिढीची, एकाच प्रांतातील मुले इतक्या भिन्न वाटांनी त्या एका उद्यानापर्यंत कशी पोचली? हा प्रश्न आमच्या मनातून तेव्हापासून गेलेला नाही.

दहशतवाद कशास म्हणावे

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करणे बरे. रागावलेला तरुण म्हणजे दहशतवादी नव्हे. मोर्चा काढणारा, सरकारवर कडक टीका करणारा, अथवा आपल्या धर्माचे आचार काटेकोरपणे पाळणारा तरुण म्हणजेही दहशतवादी नव्हे. आपला राजकीय किंवा धार्मिक हेतू साधण्यासाठी निःशस्त्र, निरपराध माणसांवर जाणूनबुजून हल्ला करणे आणि त्या हल्ल्याने इतरांच्या मनात धाक बसविणे, यास दहशतवाद म्हणतात. मारली गेलेली माणसे ही येथे केवळ साधन असतात. खरा रोख जिवंत राहिलेल्यांच्या मनावर असतो.

आमच्या वडीलधाऱ्यांना ही व्याख्या पुस्तकातून शिकावी लागली नाही. १९४७-४८ सालची रझाकारी दहशत त्यांनी डोळ्यांनी पाहिली. 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबादने भारतात विलीन व्हावे असे निर्भयपणे लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये याच शहरात त्यांचा खून झाला. दहशतीला जातधर्म नसतो म्हणतात तो असा. ती स्वकीयांनाही सोडीत नाही. आणि हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, पोलिस कारवाईनंतर मराठवाड्यात व अन्यत्र ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा अनेक मुसलमान कुटुंबांनाही सूडाचे चटके सोसावे लागले. एका दहशतीतून दुसरीचे बी असे पडते. म्हणून या लेखात आम्ही कोणत्याही एका पंथाकडे बोट दाखविणार नाही. झेंड्याचा रंग बदलतो, जिना तोच असतो.

तीन सोपी उत्तरे आणि ती का अपुरी पडतात

तरुण या मार्गास का लागतात असे विचारले की तीन उत्तरे ठरलेली असतात : गरिबी, अज्ञान आणि माथेफिरूपणा. तिन्ही उत्तरे सोयीची आहेत. कारण ती मान्य केली की, हा रोग आपल्या घरचा नव्हे असे समजून स्वस्थ बसता येते.

जपानचे उदाहरण घ्या. २० मार्च १९९५ रोजी सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेत 'ओम् शिनरिक्यो' नावाच्या पंथाच्या लोकांनी सारिन हा विषारी वायू सोडला. तेरा-चौदा माणसे मेली आणि हजारोंना इजा झाली. डब्यांतून ते विष नेणारे पाच जण कोण होते? त्यांतील एक हृदयावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. दुसरा टोकियो विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेला, तिसरा वासेदा विद्यापीठाचा पदवीधर. ज्या मुलाचे नाव निकालाच्या दिवशी पेढे वाटून सांगावे, अशी ही मुले. दारिद्र्य किंवा निरक्षरता यांचा तेथे मागमूसही नव्हता.

आपल्याकडेही तसेच दिसते. माओवादी पक्षाचा सरचिटणीस नंबाला केशव राव हा वरंगळच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पदवीधर होता. मे २०२५ मध्ये छत्तीसगडच्या जंगलात तो चकमकीत मारला गेला. २०१४ च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकास गेले आणि तेथून 'इस्लामिक स्टेट' या संघटनेस जाऊन मिळाले. तेही शिकलेल्या घरांतील होते. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर यांनी २००७ साली या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. निरनिराळ्या देशांतील हल्लेखोरांची माहिती तपासून त्यांनी दाखवून दिले की, ही माणसे आपल्या समाजातील इतरांपेक्षा अधिक गरीब वा अधिक अशिक्षित नसतात. पुष्कळदा उलटच असते. वेडाचे म्हणाल तर मार्था क्रेनशॉ या विदुषीने १९८१ सालीच लिहून ठेवले आहे की, या लोकांत डोळ्यांत भरणारी समान गोष्ट कोणती असेल तर ती त्यांचे सर्वसाधारणपण.

येथे एक खुलासा करावयास हवा. गरिबीचा संबंध मुळीच नाही असा याचा अर्थ नव्हे. गडचिरोलीच्या दलमात बंदूक घेऊन फिरणारी आदिवासी मुलगी आणि त्या पक्षाचा अभियंता पुढारी यांची कथा एक नसते. पुढारी बहुधा शिकलेला आणि विचाराने पेटलेला असतो. तिच्या गावात मात्र रस्ता नसतो, शाळा बंद असते, वनाधिकाऱ्याची दांडगाई सोसलेली असते आणि दलमाने घरटी एक मूल मागितलेले असते. दोघांच्या हातांतील बंदूक एक, पण ती हातात येण्याची कारणे वेगळी. म्हणून एकच कारण सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये.

जिना

मग कारण कोठे शोधावे? फताली मोघद्दम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००५ साली एका लेखात जिन्याची उपमा दिली आहे, ती आम्हांस फार पटली. दहशतवाद ही एका उडीत गाठण्याची जागा नव्हे. तो एक अरुंद होत जाणारा जिना आहे, असे त्याचे म्हणणे. तळमजल्यावर लक्षावधी माणसे असतात. दर मजल्यावर गर्दी कमी होते, दारे कमी होतात, आणि अगदी वर पोचल्यावर त्या माणसास एकच दार दिसू लागते. तो जिना आम्ही आमच्या शब्दांत मांडतो.

तळमजल्यावर असते ती अन्यायाची जाणीव. आपल्याला, आपल्या लोकांना न्याय मिळत नाही, आपला अपमान झाला आहे, असे वाटणे. यात खरा अन्याय किती आणि वाटलेला किती हा प्रश्न नंतरचा. वाटणे पुरेसे असते. नापास झालेला, नोकरीत डावलला गेलेला, आडनाव ऐकताच भाड्याची खोली नाकारला गेलेला, असे सारे येथे असतात. येथपर्यंत आपण सगळेच कधी ना कधी येऊन जातो.

पहिल्या मजल्यावर तो तरुण दाद मागण्याचे मार्ग शोधतो. कोणी ऐकून घेतले, एखादे दार उघडले, तर तो येथूनच खाली उतरतो. सगळीकडून हात हलवीत परत आला, तर त्याचा राग वाढतो.

दुसऱ्या मजल्यावर त्या रागास कोणी तरी एक तोंड दाखवून देतो. 'तुझ्या दुःखाचे कारण अमुक लोक' असे सांगणारा येथे भेटतो. आजवर अनेक कारणांनी गुंतागुंतीचे असलेले त्याचे दुःख आता सरळ, सोपे होते. हे सोपेपण फार सुखाचे असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तिसऱ्या मजल्यावर त्याला सोबती मिळतात. नवे नाव, नवी भाषा, गुप्त गोष्टीत सामील असल्याचा अभिमान. आजवर कोणी न विचारलेला मुलगा येथे 'भाई' होतो, 'साथी' होतो. नीतीही बदलते : खोटे बोलणे, घरच्यांपासून लपविणे हे येथे पाप राहत नाही, ते व्रत बनते.

चौथ्या मजल्यावर जगाचे दोन तुकडे होतात, आपण आणि ते. मधले कोणी उरत नाही. 'त्यां'च्यात लहान मुले आहेत, सहलीला आलेले विद्यार्थी आहेत, हे दिसेनासे होते. परत फिरण्याची वाट येथे संघटना स्वतःच बंद करून टाकते. पाचवा मजला म्हणजे प्रत्यक्ष कृत्य.

हा जिना पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. तरुणास वर ओढतो तो विचार असे आपण समजतो. वास्तविक विचार पुष्कळदा मागाहून येतो. आधी येतो तो मित्र. मार्क सेजमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने २००४ साली १७२ जणांची चरित्रे तपासून पुस्तक लिहिले. बहुसंख्यांच्या बाबतीत संघटनेत शिरण्यापूर्वीच तेथील कोणाशी तरी मैत्री होती, किंवा नाते होते, असे त्याला आढळले. आपल्याच शहरातील एक गोष्ट सांगावयाची तर, डिसेंबर २०१५ मध्ये नागपूरच्या विमानतळावर श्रीनगरकडे निघालेले हैदराबादचे तीन तरुण पकडले गेले. 'इस्लामिक स्टेट'मध्ये सामील होण्यासाठी ते निघाले होते, असे पोलिसांचे म्हणणे होते. ते तिघे परस्परांचे नातलग होते. सभेत भाषण ऐकून कोणी घर सोडीत नाही. शेजारी बसलेला चुलतभाऊ निघाला म्हणजे दुसराही निघतो.

आणखी एक भूक येथे काम करीत असते. आपण कोणी तरी आहोत, आपल्या जगण्याला काही मोल आहे, असे वाटण्याची ही भूक अठरा-वीस वर्षांच्या वयात अन्नाच्या भुकेइतकीच तीव्र असते. घरात रोज 'तुझ्याने काही व्हावयाचे नाही' हे ऐकणाऱ्या मुलास कोणी सांगितले की, तुझ्यावाचून आमचे अडले आहे, तर तो त्याचाच होतो. पूर्वी हे सांगण्यासाठी कोणाला तरी गल्लीत यावे लागे, निदान चहाच्या दुकानात बसावे लागे. आता ते भ्रमणध्वनीतून रात्री दोन वाजता अंथरुणात येऊन सांगता येते, आणि शेजारच्या खाटेवर निजलेल्या भावालाही त्याचा पत्ता लागत नाही.

वचन आणि अनुभव यांत अंतर किती असते तेही पाहण्याजोगे आहे. कल्याणहून गेलेल्या चौघांपैकी एक जण २०१४ च्या नोव्हेंबरात परत आला. लढवय्या होण्याच्या स्वप्नाने गेलेल्या त्या मुलाच्या वाट्यास तेथे पाणी भरणे आणि शौचकूप धुणे आले, असे त्याने चौकशीत सांगितल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. तो परत येऊ शकला, कारण त्याने घराशी संपर्क साधला आणि वडिलांनी लाज न बाळगता सरकारकडे धाव घेतली. घराचे दार बंद झाले असते, तर त्याने कोणाला हाक मारावयाची होती?

खाली उतरविण्याचे प्रयत्न

वरच्या दोन मजल्यांवर पोचलेल्यांचा बंदोबस्त पोलिसांनी आणि न्यायालयांनीच करावयास हवा. तेथे गोड बोलून भागत नाही. पण खालच्या मजल्यांवर पोलिस उशिरा पोचतात, आणि चुकीच्या माणसाला धरले तर उलटेच होते. मे २००७ मध्ये येथील मक्का मशिदीत स्फोट झाला, त्यानंतर संशयावरून अनेक मुसलमान तरुणांस धरण्यात आले. त्यांच्यापैकी ज्यांच्यावर खटले भरले, त्यांना पुढे न्यायालयाने निर्दोष सोडले. तुरुंगात गेलेली वर्षे, गेलेली नोकरी, मोडलेले लग्न हे मात्र कोणी परत देऊ शकत नाही. अन्यायाची गोष्ट शोधीत हिंडणाऱ्या भरतीवाल्यास अशी आयती गोष्ट मिळाली म्हणजे त्याचे अर्धे काम होते.

खालच्या मजल्यांवर काय करता येते याचा एक चांगला दाखला डेन्मार्कमधील ऑर्हुस या शहराचा आहे. हे त्या देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. २०१३ साली तेथून सुमारे तीस तरुण सीरियाच्या युद्धात गेले. पोलिस, शाळा आणि समाजकल्याण खाते यांनी एकत्र बसून काम करण्याची पद्धत त्या देशात पूर्वीपासून होती. तिचाच त्यांनी येथे उपयोग केला. मुलाविषयी काळजी वाटणाऱ्या आईबापांनी किंवा शिक्षकांनी दूरध्वनी करावा, अशी सोय केली. पोलिस त्या मुलास कोठडीत नव्हे, तर चहाकॉफीला बोलावीत. त्यास एक जाणता मार्गदर्शक जोडून देत, जो महिनोन् महिने त्याच्याशी वाद घाली, त्याचे शिक्षण, नोकरी, घर यांची घडी बसवून देई. परत आलेल्यांपैकी ज्याने गुन्हा केला असेल त्यास शिक्षा. ज्याने केला नसेल त्यास समाजात परत जागा. ज्या मशिदीतून बरेच तरुण गेले होते, तिच्याशी त्यांनी बोलणे तोडले नाही, उलट वाढविले. २०१४ साली त्या शहरातून गेलेल्यांची संख्या एकावर आली. याचे सारे श्रेय या योजनेलाच द्यावे की नाही याविषयी मतभेद आहेत. पण जी गोष्ट बंद दाराने झाली नव्हती ती उघड्या दाराने झाली, एवढे खरे.

जर्मनीत हिटलरी विचारांच्या टोळ्यांत सापडलेल्या तरुणांसाठी २०००च्या सुमारास एका माजी पोलिस अधिकाऱ्याने आणि त्या टोळ्यांतून बाहेर पडलेल्या एका माजी पुढाऱ्याने मिळून 'एक्झिट' नावाची संस्था काढली. तिची एक युक्ती सांगण्याजोगी आहे. २०११ साली अशा तरुणांच्या एका संगीत-मेळाव्यात कवटीचे चित्र छापलेले अडीचशे सदरे फुकट वाटण्यात आले. मुलांनी ते आनंदाने घातले. घरी नेऊन धुतल्यावर वरची छपाई निघून गेली आणि खालची अक्षरे दिसू लागली. जे या सदऱ्याला जमले ते तुलाही जमेल, बाहेर यावयाचे असेल तर आम्ही मदत करू, अशा आशयाचा तो मजकूर होता. युक्ती गमतीची, पण तिच्यातील मर्म खोल आहे. शिव्या देऊन नव्हे, तर एकटा असताना, घरी, आईच्या धुण्याच्या बादलीजवळ त्या मुलाशी बोलावे लागते.

आपल्या गडचिरोलीत २००५ पासून आत्मसमर्पणाची योजना आहे. माओवादी दलमातील पुरुषांना लग्न करावयाचे तर आधी नसबंदी करून घ्यावी लागे. शरण आलेल्या कित्येकांनी ती शस्त्रक्रिया उलटवून घेतली आणि मुलेबाळे होऊ दिली. क्रांतीच्या मोठमोठ्या शब्दांखाली घर, शेत आणि मूल यांचीच ओढ दबून होती, हे यावरून दिसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेलंगणातील पेद्दपल्लीकडचा मल्लोजुला वेणुगोपाल राव हा जुना पुढारी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवता झाला. चाळीसहून अधिक वर्षे जंगलात घालविल्यावर! एवढ्या उशिरा का होईना, दार उघडे होते म्हणून हे घडले.

मात्र या उपायांविषयी भोळेपणा नको. नागपुरास पकडल्या गेलेल्या त्या हैदराबादी तरुणांपैकी एकास वर्षभरापूर्वी, २०१४ साली, कलकत्त्याकडे असेच जाताना अडविले होते आणि समजूत घालून घरी पाठविले होते. तरी तो पुन्हा निघाला. म्हणून समजूत घालणे व्यर्थ, असे कोणी म्हणेल. आम्हांस त्यातून वेगळाच धडा दिसतो : एकदा समजूत घालून मुलास आईबापांच्या स्वाधीन केले म्हणजे काम संपत नाही. तो ज्या एकटेपणातून निघाला, त्याच एकटेपणात परत गेला, तर तोच मित्र आणि तीच हाक त्याची वाट पाहात असते. ऑर्हुसचा मार्गदर्शक महिनोन् महिने का लागतो, याचे उत्तर येथे आहे.

घरात काय पाहावे, काय करावे

पालक विचारतात, ओळखावे कसे? आधी कशावरून ओळखू नये ते सांगतो. दाढी वाढविली, टिळा लावला, देवळात किंवा मशिदीत अधिक जाऊ लागला, राजकारणावर तावातावाने बोलू लागला, यांपैकी एकही खूण नव्हे. अशा गोष्टींवरून संशय घेणे हे अन्यायाचे आहे आणि मुलाला दूर लोटणारेही.

पाहावयाचे ते तुटत जाणे. जुने मित्र एकाएकी वर्ज्य होतात. आवडीचा खेळ, गाणे, वाचन सुटते. घरच्यांबरोबर जेवणे टळते. सर्व प्रश्नांना एकच उत्तर येऊ लागते. एखाद्या जमातीविषयी बोलताना माणसांचे शब्द जाऊन किड्यामुंग्यांचे शब्द येतात. पैशाचा, प्रवासाचा, नव्या ओळखींचा हिशेब लपविला जातो. यांतील एक गोष्ट दिसली म्हणून घाबरू नये. तारुण्यात मुले तशीही तुटतात. चार-पाच गोष्टी एकदम आणि थोड्या दिवसांत दिसल्या, तर मात्र जवळ जाऊन बसावे.

जवळ बसणे म्हणजे उलटतपासणी नव्हे. भ्रमणध्वनी हिसकावून घेतल्याने तो मित्र जात नाही, फक्त बाप जातो. त्याची तक्रार आधी पुरती ऐकावी. त्यात खरे असेल ते खरे म्हणावे. अन्याय झाला असेल तर झाला म्हणावे आणि दाद मागण्यास त्याच्याबरोबर स्वतः जावे. मग प्रश्न विचारावेत : हे तुला कोणी सांगितले? तो स्वतः का जात नाही? उपदेशाने मन बंद होते, प्रश्नाने किलकिले राहते. बापाचे ऐकत नसेल तर मामा, काका, शाळेतले गुरुजी, क्रीडांगणावरचे दादा, ज्याच्याविषयी त्यास आदर असेल त्याला मध्ये घालावे. आणि शस्त्राची, स्फोटकांची, घर सोडून जाण्याची भाषा कानी आली, तर अब्रूची पर्वा न करता विश्वासू वकिलाला बरोबर घेऊन तत्काळ पोलिसांकडे जावे. ते मुलाशी वैर नव्हे. चौथ्या मजल्यावरून त्याला ओढून घेण्याचा तो शेवटचा हात आहे.

आमची चूक

हे सर्व लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे काय, असा प्रश्न लिहिताना पडला. म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. सुमारे दहा वर्षांपूर्वी वसतिगृहात मराठवाड्यातील एका लहान गावचा मुलगा होता. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले. त्यानंतर तो जेवणाच्या पंगतीत दिसेनासा झाला. गणेशोत्सवाच्या कामातून त्याने अंग काढून घेतले. रात्र रात्र भ्रमणध्वनीवर असे. दुसऱ्या एका समाजाविषयी तो असे काही बोलू लागला की, खोलीतल्या सोबत्याने घाबरून तक्रार केली. तक्रार आमच्या समितीपुढे आली. अर्ध्या तासात निर्णय झाला : वसतिगृहाच्या नावास बट्टा नको, मुलाचे नाव कमी करावे. तीन ओळींचे पत्र गेले. त्या पत्राखाली सही आमची होती.

मुलाचे वडील ट्रंक न्यावयास आले. त्यांनी वाद घातला नाही. "साहेब, तो नापास झाला हे आम्हांला आज कळतं आहे. कोणी दोन ओळी लिहून कळवलं असतं तर बरं झालं असतं," एवढेच म्हणाले. तळमजल्यावर उभ्या असलेल्या मुलाला आम्ही खाली उतरविले नाही. आम्ही आमचे दार लावून घेतले आणि त्याला जिना तेवढा मोकळा ठेवला. पुढे त्याचे काही वाईट झाले असे आम्हांस म्हणावयाचे नाही; तो कदाचित सुखाने संसार करीत असेल. दोन वर्षांनी चौकशी केली, तेव्हा ते कुटुंब गाव सोडून गेले होते. तो कोठे आहे हे आम्हांला ठाऊक नाही, हीच आमची चूक.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवीत आहोत. वसतिगृहातील प्रत्येक मुलामागे एक पालक-सभासद असावा आणि महिन्यातून एकदा त्या मुलाने त्याच्या घरी जेवावे. परीक्षेत नापास झालेल्या किंवा शिष्यवृत्ती बंद झालेल्या मुलास आठ दिवसांच्या आत कोणी तरी प्रत्यक्ष भेटावे, घरी कळवावे, आणि समितीने तीन वेळा समोर बसून बोलल्याशिवाय कोणाचेही नाव कमी करू नये. तिसरी सूचना अशी की, आपली अभ्यासिका वस्तीतील सर्व जातिधर्मांच्या मुलांस खुली करावी. ज्याच्याबरोबर रात्री जागून गणिते सोडविली, त्याला 'ते' म्हणणे कठीण जाते.

या सूचनांना फारसा पैसा लागत नाही, वेळ लागतो. जेवावयास कोणाला बोलवावे लागेल, दिवाळीच्या फराळाचे एक ताट अधिक वाढावे लागेल, न पटणारी बडबड तासभर ऐकून घ्यावी लागेल. एवढ्याने जगातील दहशतवाद थांबेल असा आमचा दावा नाही. आपल्या वसतिगृहात मात्र कोणी जेवणाच्या पंगतीतून उठून गेला, तर त्याच दिवशी त्याचे पान रिकामे असल्याचे कोणाच्या तरी ध्यानात यावे, इतकीच आमची अपेक्षा आहे. पालक-सभासद होऊ इच्छिणाऱ्यांची यादी कार्यालयात ठेवली आहे. पहिले नाव आम्ही आमचेच लिहिले आहे.